भिंतीतून खिडकी वजा करताना

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार.

आठल्येबाईंच्या कन्या मेधाताई, बाईंचे जुने सहकारी पाटणकर सर, शाळेतली मंडळी, आळीतले शेजारी, आणि तिकडे भिंतीला टेकून उभे राहिलेले आमच्या पडवीच्या वर्गातले विद्यार्थी. आधी तुम्ही बसून घ्या बघू. पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत. शोकसभेत पहिली रांग मोकळी का ठेवतात ते मला अजून कळलेलं नाही. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, पुढे या, इथे कोणी खात नाही.

बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नको म्हटलं. मी बोलणारा माणूस नाही असं काही नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. आत्ताच मागून कोणीतरी म्हणालं, दत्ताशेठ उठला, आता चहा गार होणार. ऐकलं मी. माझे कान चांगले आहेत. ते कसे तयार झाले तेही सांगतो, कारण त्याचा बाईंशी संबंध आहे. बोलणं जड जातंय ते वेगळ्याच कारणाने. बाईंसमोर मला लांब बोलायची सवयच नाही. दोन वाक्यं झाली की त्या अडवायच्या. "भाषण नको, दत्ताराम. पायरी लिही." आज समोर त्यांचा फोटो आहे आणि पायरी लिहायला फळा नाही. तेव्हा तोंडीच सांगतो. एखादी पायरी गाळली तर शबाना, तू हात वर कर. तुला ती सवय आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आज मी रत्नागिरीत घरं बांधतो. बाईंची ओळख झाली तेव्हा मी चिरेखाणीवर चिरे तासत होतो. दहावीला गणितात आपटलो, पुन्हा बसलो, पुन्हा आपटलो, आणि वडील म्हणाले, पुरे झालं, हात चांगले आहेत ते वापर. हात वापरले. जांभा चिरा तासण्याआधी हातोडीने वाजवून बघतात. दगड सलग असला तर खणखणीत बोलतो. आत पोकळ असला तर आवाज बसका येतो. दिवसभर हेच ऐकायचं. कान असे तयार झाले.

पण मला सुपरवायझरचा कोर्स करायचा होता. उन्हात चिरा तासणारा एक असतो आणि सावलीत उभा राहून तो मोजणारा दुसरा असतो. मला सावलीतला व्हायचं होतं, यात लपवण्यासारखं काही नाही. त्याला दहावी पास लागायची. म्हणून बाहेरून दहावीला बसलो. तेव्हा कळलं की शाळेत गणित शिकवणाऱ्या एक बाई सकाळी शाळेत जायच्या आधी आपल्या घराच्या पडवीत आमच्यासारख्यांचा वर्ग घेतात. फी नव्हती. अट होती. चपला ओळीत लावायच्या आणि पायरी गाळायची नाही.

पहिल्याच दिवशी फळ्यावर गणित होतं. पाच एक्स वर्ग वजा तीन एक्स वर्ग. सोपं वाटलं. मी लिहिलं, दोन. नुसता दोन. बाईंनी विचारलं, एक्स वर्ग कुठे गेला? मी म्हटलं, पाचातून तीन गेले, राहिले दोन. वरच्या दोनातून दोन गेले, राहिलं शून्य. एक्सला शून्य घात म्हणजे एक, एवढं मला शाळेतलं आठवत होतं. म्हणून दोन.

बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, तू एकाच गणितात दोनदा वजाबाकी केलीस. कोणी सांगितलं दुसरी करायला? मी म्हटलं, बाई, खाणीवर चिरे काढले की सगळंच कमी होतं. चिरे कमी होतात, खाण कमी होते, डोंगरही कमी होतो.

यावर त्या हसल्या. आणि मग जे सांगितलं ते मी आजही माझ्या माणसांना सांगतो. पुढचा आकडा म्हणजे किती. त्याला सहगुणक म्हणतात. डोक्यावरचा छोटा आकडा म्हणजे कसलं. तो घातांक. वजाबाकी फक्त 'किती'ची होते. 'कसलं' ते जागच्या जागी राहतं. पाच चिऱ्यांतून तीन चिरे उचलले तर दोन चिरे राहतात. उरलेल्यांची काय वाळू होते का? आणि म्हणूनच एक्स वर्गातून फक्त एक्स वर्ग जातो. एक्स घनातून एक्स घन. सजातीय पदंच एकमेकांतून वजा होतात.

'सजातीय' हा शब्द ऐकल्यावर आमच्यातला एक हळूच पुटपुटला, आलं का इथेही तेच. आम्ही सगळे खेड्यांतून आलेले, आणि बसलो होतो आठल्यांच्या पडवीत. बाईंनी ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "फळ्यावर वेगवेगळी बसतात. सतरंजीवर नाही. सरका, मला बसायला जागा द्या." आणि आमच्यात येऊन बसल्या. पुन्हा तो विषय कोणी काढला नाही. काढायची गरजच उरली नाही.

आता कानांचं सांगतो. माझी खरी अडचण होती कंसाची. कंसाच्या आधी वजा असला की तो मला दिसायचाच नाही. समजा, सहा एक्स वर्ग अधिक दोन एक्स, यातून कंसातलं चार एक्स वर्ग वजा पाच एक्स काढायचं आहे. मी दरवेळी लिहायचो, दोन एक्स वर्ग वजा तीन एक्स. दरवेळी चूक. बाहेरचा वजा मी पहिल्या पदाला लावायचो आणि दुसऱ्याला विसरायचो. बाईंनी लाल खडूने दाखवलं, गोल करून दाखवलं, काही उपयोग नाही. मग एकदा त्यांनी मला पावसात गळणाऱ्या पन्हळीकडे कान लावून बसलेलं पाहिलं. मी म्हटलं होतं, बाई, तुमच्या पन्हळीचा तिसरा सांधा सैल झालाय, आवाज वेगळा येतोय. त्यांनी माणूस बोलावून बघायला लावलं. तिसराच होता.

दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, तुला दिसत नाही, तुला ऐकू येतं. मग गणित मोठ्याने वाच. मी वाचलं. "वजा, कंसात, चार एक्स वर्ग, वजा पाच एक्स." बाई म्हणाल्या, पाच एक्सवर किती वजा ऐकू आले? मी म्हटलं, एक त्याचा स्वतःचा आणि एक बाहेरचा. मग? मग त्याचा अधिक होणार. दोनात पाच मिळवायचे. दोन एक्स वर्ग अधिक सात एक्स.

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बरं."

बाईंच्या विद्यार्थ्यांना माहीत आहे, याच्या वरची पदवी त्यांच्याकडे नव्हती. पाटणकर सर मान हलवताहेत. सर, तुम्हाला तरी कधी 'छान' मिळालं का? नाही ना.

तेव्हापासून पडवीत गणित आधी मोठ्याने वाचायचं, असा नियम झाला. आणि दुसरा नियम आधीपासून होता, तो पेन्सिलीचा. गणित वाचून झालं की पेन्सिल खाली ठेवायची. सगळ्यांनी. फळ्याकडे नुसतं बघायचं, कोणी बोलायचं नाही, कोणी लिहायचं नाही. बाई फळ्यावर बोटाने टकटक करतील तेव्हा उचलायची. त्यांचं म्हणणं होतं, चूक डोक्यातून होत नाही, घाईत हातातून होते. हाताला जरा बसू द्या. त्या शांततेत कोणी चोरून पेन्सिल उचलली तर मला ऐकू यायचं. मी तिकडे मान वळवायचो आणि बाईंना कळायचं कोण ते. आमच्या वर्गात मी फारसा लाडका नव्हतो.

आता ज्याच्यासाठी उभा राहिलो ती गोष्ट सांगतो. खिडकीची.

परीक्षा जवळ आली होती. बाईंनी आमच्याच कामातलं गणित घातलं. एक भिंत बांधायची आहे, तिच्यात एक खिडकी आहे, बांधकाम किती? माझ्या घरचंच गणित. मी सगळ्यांच्या आधी उठलो. भिंतीची लांबी, उंची, जाडी, तिन्ही गुणली. झाला घन. मग खिडकीची लांबी आणि उंची गुणली. झाला वर्ग. घनातून वर्ग वजा केला आणि ऐटीत खाली बसलो.

बाई म्हणाल्या, हे वजा होत नाही.

मी म्हटलं, का नाही?

त्या म्हणाल्या, घनातून वर्ग जात नाही. पहिल्या दिवशी काय शिकलास? खिडकीची जाडी कुठे आहे?

आता मी खाणीवरचा माणूस. मला राग आला. मी म्हटलं, "बाई, खिडकी म्हणजे भोक. भोकाला कसली आलीय जाडी?"

सगळे हसले. माझ्या बाजूने हसले, बरं का. आमच्यातल्या प्रत्येक गवंड्याला हेच वाटत होतं. जे नाहीच, त्याची जाडी कशी मोजणार? बाईंनी वाद घातला नाही. पडवीच्या भिंतीला एक खिडकी आहे, मेधाताईंना माहीत आहे, अंगणातल्या फणसाकडे उघडणारी, गज नसलेली. बाई म्हणाल्या, "ऊठ. हात घाल." मी उठलो. चिऱ्याची जुनी भिंत ती, चांगली रुंद. मी हात आत घातला. मनगट गेलं, त्याच्यापुढचा हात गेला, कोपर आत जायला आलं तेव्हा कुठे बोटांना बाहेरची हवा लागली.

"आता सांग," बाई म्हणाल्या. "भोक किती जाड आहे?"

मी म्हटलं, "भिंतीएवढं."

"मग लिही."

मी लिहिलं. लांबी गुणिले उंची गुणिले जाडी. घनातून घन वजा झाला. दहावी झाली, कोर्स झाला, सावलीत उभं राहायला मिळालं, पुढचं तुम्हाला माहीत आहे. नवीन आलेला पोरगा साइटवर माप घेताना खिडकीशी अडखळला की मी अजूनही सांगतो, हात घाल. कोणी विचारलं की शेठ, हे कोणी शिकवलं, तर बाईंचं नाव सांगतो.

हे सगळं आज सांगतोय, कारण गेले काही दिवस मी बरंच ऐकतोय. बाई गेल्यापासून आपण सगळे ठरवतोय, त्यांच्यासाठी काय करायचं. चांगल्या मनाने ठरवतोय. शाळेची मंडळी म्हणाली, गणिताच्या वर्गात मोठी तसबीर लावू. आळीतले म्हणाले, त्यांच्या नावाचा बाक बसवू. कोणी म्हणालं, बक्षीस ठेवू. करा. सगळं करा. तसबिरीची चौकट मीच करून देतो, सागाची.

पण एक विचारतो. तसबिरीला लांबी असते, उंची असते. जाडी किती असते हो?

बाई गेल्यावर जे भोक पडलंय, ते भिंतीएवढं जाड आहे. मी हात घालून बघितलाय. त्यात आपण वर्ग भरायला निघालोय. तो बसणार नाही. वाईट आहे म्हणून नव्हे. तो त्या जातीचा नाही म्हणून.

पडवीत काय झालं तेही सांगतो, सगळ्यांना माहीत नाही. निवृत्त झाल्यावरही बाईंनी तो वर्ग सोडला नव्हता. आता तिथे बाहेरून दहावीला बसलेली माणसं येतात. शबाना मिरकरवाडा बंदरावर मासेमारीची जाळी दुरुस्त करते, तिला रुग्णसेवेच्या कोर्सला जायचंय. बाकीचे कोणी रिक्षा चालवतात, कोणी बागेत राखणीला असतात. पुरवणी परीक्षा तोंडावर आली आहे. त्या सकाळी बाईंनी फळ्यावर गणित लिहिलं. कंसाचंच. नऊ एक्स वर्ग वजा चार एक्स, यातून कंसातलं तीन एक्स वर्ग वजा सात एक्स. शबानाने मोठ्याने वाचलं. बाई म्हणाल्या, पेन्सिली खाली. सगळ्यांनी ठेवल्या. मग बाई जरा खिडकीत टेकल्या. टकटक ऐकू येईना. यांना वाटलं, बाई आज जास्त वेळ देताहेत. शबाना मला म्हणाली, "काका, आम्ही बसून राहिलो. नियमच होता ना तो." मग तिच्या लक्षात आलं, तिने धावत जाऊन शेजाऱ्यांना बोलावलं, रिक्षावाल्याने स्वतःची रिक्षा दारात आणली. हॉस्पिटलात नेलं. पण बाई परत आल्या नाहीत.

ते गणित अजून फळ्यावर आहे. कोणी पुसलेलं नाही, कोणी सोडवलेलंही नाही.

मेधाताईंना परत पुण्याला जावं लागणार. त्यांची नोकरी आहे, घर आहे. घर रिकामं, पावसाळा तोंडावर, तर कुलूप लावून जायचं त्यांनी ठरवलं. यात काहीही चुकीचं नाही. माझं घर असतं तर मीही तेच केलं असतं. तरी मी आज सकाळी त्यांच्याकडे गेलो. इथे चार लोकांत त्यांच्यावर दडपण आणणं मला पटत नाही. ते मी सकाळीच आणून आलो.

मी म्हटलं, परीक्षेपर्यंत पडवी उघडी ठेवा. त्या म्हणाल्या, काका, उघडी ठेवून काय होणार? आईच्या बरोबरीचं कोण आहे?

प्रश्न बरोबर होता. बरोबरीचं कोणी नाही. मी त्यांना सांगितलं, बरोबरी कोणी मागितलेलीच नाही. बाईंचं शिकवणं म्हणजे समजा शंभर एक्स घन. आमच्याकडे शंभर नाहीत. पाटणकर सर आठवड्यातून थोडे दिवस यायला तयार आहेत, गुडघे देतील तसे. शबाना गणित वाचून दाखवेल, तिचा आवाज खणखणीत आहे, सलग चिऱ्यासारखा. बाकीचे एकमेकांना पायऱ्या सांगतील. आणि मी सकाळी साइटवर जायच्या आधी कोपऱ्यात बसेन. शिकवायला नाही. पेन्सिली ऐकायला. हे सगळं मिळून दोन एक्स घन होईल, फार तर तीन. पण घन होईल. रोजची पडवी, रोजची सतरंजी, रोजची माणसं. आकडा लहान चालेल, मेधाताई. डोक्यावरचा तीन तेवढा तोच पाहिजे.

त्या मोजकंच बोलल्या. आईसारख्याच आहेत. विचार करून सांगते, म्हणाल्या. मी चहा प्यायलो आणि निघालो. चहाही आईसारखाच होता. बाईंचा चहा ज्यांनी प्यायलाय ते समजतील, मी कौतुक करत नाहीये.

मघाशी मी बोलायला उठायच्या आधी मेधाताई माझ्या शेजारच्या खुर्चीत होत्या. माझ्या आधीचे वक्ते बोलत होते, पंखा खडखडत होता, त्यात त्या अगदी हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या. त्यांना वाटलं असेल, मला ऐकू आलं नाही. मी तसंच दाखवलं, कारण मला स्वतःला सावरायला जरा वेळ हवा होता. पण मेधाताई, मी ऐकलं. तुम्ही म्हणालात, "काका, मी पुढच्या दाराला कुलूप घालीन. पडवीला नुसती कडी आहे."

एवढंच. याच्यावर मी भाषण करणार नाही. बाई इथे असत्या तर तुम्हाला म्हणाल्या असत्या, "बरं."

शबाना, रडू नकोस. उद्या सकाळी वेळेवर या. चपला ओळीत. फळ्यावरच्या गणितापासूनच सुरुवात करायची. उत्तर मी इथे सांगत नाही. मागे कोणीतरी मनातल्या मनात करतंय ते मला ऐकू येतंय. कंसाच्या आधीचा वजा विसरू नका, म्हणजे झालं.

आता शेवटचं. अशा सभेत उभं राहून शांत राहायची रीत आहे. आपण ती पाळू. पण घड्याळ कोणी बघू नका. ही शांतता आपल्याला बाईंनी आधीच शिकवून ठेवली आहे. गणित वाचून झालंय. हातातलं सगळं खाली ठेवा. पिशवी, फोन, चष्म्याचं घर, सगळं. समोर बघा. कोणी बोलू नका. हाताला जरा बसू द्या.

या वेळी टकटक होणार नाही. आपलं आपल्याला कळेल तेव्हा बसायचं.

उभे राहू या.

बाई, पेन्सिली खाली आहेत.